कार्यालयातला हत्ती

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला अजून अंदाजानेच कळतं. सुईने कापडावर नाव काढलं तर लोक विचारतात, छापलंय का? पण पेन हातात आलं की अक्षरं बसथांब्यावरच्या माणसांसारखी हवी तशी उभी राहतात. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी माफी मागते, कारण मागितल्याशिवाय मला कुठल्याच कामाला सुरुवात करता येत नाही. दुकानात सुटे पैसे मागायचे असले तरी आधी माफी मागते.

ऑर्डरींची ही जुनी वही आहे. पुढच्या पानांवर बाह्यांची मापं आहेत, मागची पानं कोरी राहिली होती. काल एक मोठं काम पुरं झालं, म्हणून त्या पानांवर लिहिते आहे.

आम्ही हडपसरला राहतो. नवरा रिक्षा चालवतो. मी लग्नाआधीपासून हाताने भरतकाम करते, साड्यांना फॉल-पिको करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका दुकानाने त्यांचं जुनं भरतकामाचं मशीन विकायला काढलं. हे साधं शिवणाचं मशीन नव्हे. याला पेनड्राइव्ह लावायचा, रिंगमध्ये कापड ताणून बसवायचं, की ते आपलं आपण नक्षी भरतं. किंमत साठ हजार. माझ्याकडे तेवढं नव्हतं आणि मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. आठ दिवस मी घरात गप्प गप्प होते. शेवटी नवऱ्याने न विचारताच माझ्या मोठ्या जाऊबाईंना फोन लावला.

जाऊबाई कात्रजला राहतात. एका शाळेत शिपाई होत्या, आता निवृत्त झाल्या आहेत. एकट्याच असतात. त्यांच्या जिभेला सुरीसारखी धार आहे, पण ती सुरी भाजी चिरायची, माणूस मारायची नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कपाटातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले.

"हे माझ्या बोधगयेचे आहेत," त्या म्हणाल्या. "विहारातल्या बायका दोन वर्षांनी जाणार आहेत, मी नाव दिलंय. तोवर परत कर. नाही केलेस तर मी जाणार नाही आणि मरेपर्यंत तुला ऐकवीन. आणि मला मरायची घाई नाही."

मी मान हलवली. पैसे पदरात बांधले आणि घरी येईपर्यंत रिक्षात रडले. नवरा म्हणाला, "अगं, पैसे मिळालेत, गेलेले नाहीत."

मशीन आलं. त्याच्यासारखं सुरेख काम मी पाहिलं नव्हतं. पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. मशीनला चित्र कळत नाही. सुई कुठे घालायची, कुठून काढायची, कोणता टाका आधी आणि कोणता नंतर, हे सगळं त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. त्याला पंचिंग म्हणतात. ते कॉम्प्युटरवर होतं आणि बाजारात करून घ्यायचं तर एका डिझाइनला पाचशे रुपये. शिवाय दोन दिवस थांबायचं. बाहीचे मला मिळणार आठशे, त्यातले पाचशे पंचिंगवाल्याला, वर धागा. मग लोक म्हणाले, तयार डिझाइन वापरा. पण तयार मोर आणि तयार गुलाब सगळ्या पुण्यात फिरत होते, त्यासाठी कोणी माझ्याकडे का येईल? पहिल्या सहा महिन्यांत मी जाऊबाईंना सात हजार दिले. तेही मोठ्या मुश्किलीने.

दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा फोन यायचा.

"काय गं, चालतंय का मशीन? का कपडे वाळत घालतेस त्याच्यावर?"

"चालतंय ताई."

"आवाज येत नाही तो?"

"आत्ता बंद आहे."

"हां. म्हणजे झोपून पैसे कमावतंय. सरकारी नोकरी लागली म्हणायची."

कोथरूडला माझ्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, एक काकू. त्यांच्या साड्यांना मी पंधरा वर्षं फॉल लावते आहे. एकदा साड्या द्यायला गेले तेव्हा त्यांनी मशीनचं विचारलं आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून पंचिंगचं सगळं निघालं. बहुतेक काकूंनी चहा फार गोड केला होता. शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान होते. बँकेतून निवृत्त झालेले. जुने टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणून दुरुस्त करायचे आणि गरजूंना द्यायचे, हा त्यांचा उद्योग. काकूंच्या भाषेत घराची भंगारवाल्याकडे वाटचाल. ते दारात येऊन उभे राहिले.

"पंचिंगचा प्रोग्रॅम फुकट मिळतो," ते म्हणाले. "लिनक्सवर चालतो."

मला वाटलं कापडाबद्दल बोलत आहेत. मी म्हटलं, "लिननवर धागा चांगला बसतो काका, पण महाग पडतं."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिनन नव्हे. लिनक्स. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती गोष्ट. जगभरची माणसं घरी बसून बनवतात आणि फुकट वाटतात."

"फुकट म्हणजे..." मी बोलायचं थांबले.

"फुकट म्हणजे वाईट, असं म्हणायचंय का? हवाही फुकट आहे बाई. आपण घेतच आहात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी एक कॉम्प्युटर तयार ठेवला. दोन तास मला शिकवलं. चित्र कसं काढायचं, त्यात टाके कसे भरायचे, मग ते पेनड्राइव्हवर कसं घ्यायचं. ते भराभर सांगत होते आणि मी भराभर मान हलवत होते. माझी मान फार चांगली हलते. समोरच्याला वाटतं सगळं समजलं. शेवटी ते म्हणाले, "आणि मेन्यू मराठीत लावून दिलाय, म्हणजे तुम्हाला इंग्रजीची अडचण नको."

मेन्यू म्हटल्यावर मला लग्नातलं जेवण आठवलं, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. हे मी बोलले नाही. त्यांनी कोपऱ्यातलं एक चिन्ह दाबलं तर खरंच जेवणाच्या यादीसारखी एक यादी उघडली. घराला जशा खोल्या, तसे हे विभाग, आणि प्रत्येक खोलीत त्या त्या कामाचे प्रोग्रॅम, असं त्यांनी समजावलं. ते मला समजलं. नवऱ्याच्या रिक्षातून कॉम्प्युटर मांडीवर घेऊन घरी आले. नव्या नवरीला आणावं तसा तो सावकाश आणला.

त्याच आठवड्यात एक ऑर्डर आली. मुलीचं लग्न होतं आणि तिला शालूवरच्या ब्लाउजच्या बाह्यांवर अंबारीचा हत्ती हवा होता. तयार मिळतो तसा नव्हे, तिच्या आजीच्या जुन्या पिशवीवर दोसुतीच्या टाक्यात भरला होता तसा, चौकोना-चौकोनांचा. पिशवीचा फोटो तिने मोबाइलवर पाठवला. मी हो म्हटलं. बाजारातला पंचिंगवाला याचे दोन हजार मागेल हे मला माहीत होतं, पण आता माझ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर होता.

दुपारी नवरा बाहेर गेल्यावर मी तो लावला आणि यादी उघडली. महाजाळ. आलेखिकी. उपसाधने. ध्वनी व चित्रफीत. कार्यालय. इतर.

सगळी नावं मराठीच होती आणि मला एकही कळत नव्हतं. महाजाळ वाचून कोळी आठवले. आलेखिकी हा शब्द मी तीनदा मोठ्याने म्हणून पाहिला, शेजारीण काय झालं म्हणून दारात आली. काकांनी प्रोग्रॅम कोणत्या खोलीतून उघडला होता ते आठवेना. फोन करायला हवा होता. पण दोन तास मान हलवल्यावर फोन करून "मला काहीच कळलं नव्हतं" हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी पुन्हा यादी वाचली. एका शब्दावर नजर थांबली आणि मला हसू आलं. किती सोपं होतं! कार्यालय.

पुण्यात कार्यालय म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "कार्यालय कोणतं घेतलंय?" असं विचारलं की लग्न कुठे आहे ते सांगायचं असतं. माझी ऑर्डर नवरीची. नवरीचं सगळं कार्यालयातच होतं. काका किती विचार करणारे, असं मनात म्हणत मी कार्यालय उघडलं. आत दोन-तीन नावं होती. त्यातलं एक दाबलं आणि समोर पडदाभर चौकोन आले. आखीव, रेखीव, ओळीने, खाली कितीही जा, संपतच नाहीत. दोसुतीच्या भरतकामाला आलेखाचा कागद लागतो ना, अगदी तो. मी टाळी वाजवली.

आठ दुपारी मी तो हत्ती भरला. एकेका चौकोनात रंग भरायचा हे मी चाचपडत शोधून काढलं. सोंड वर, अंबारीला झालर, शेपटीला शेवटी तीन चौकोनांचा गोंडा. कान दोनदा उसवला. म्हणजे पुसला. मला इतकी मजा कधी आली नव्हती. पोळ्या लाटताना मला पोळपाटावर चौकोन दिसायचे. नवरा रात्री येऊन बघायचा आणि म्हणायचा, "हत्ती झाडू मारतोय काय?" मग मी सोंड आणखी वर केली.

नवव्या दिवशी पेनड्राइव्हवर घेतला. ते मला नीट शिकवलेलं होतं. मशीनला लावला. मशीनच्या पडद्यावर काही येईना. काढला, पुसला, परत लावला. काही नाही. मशीनला हत्ती दिसतच नव्हता. लग्नाला बारा दिवस राहिले होते आणि मुलीने निम्मे पैसे आधीच दिले होते. ते मी जाऊबाईंना देऊन टाकले होते.

मग मात्र गेले. फोनवर बोलण्यापेक्षा समोर जाऊन गप्प उभं राहणं मला सोपं वाटतं. पेनड्राइव्ह रुमालात बांधला, बसने कोथरूडला गेले. काकूंनी दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून काकांना हाक मारली. मी रुमाल सोडून पेनड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आपल्या कॉम्प्युटरला लावला.

हत्ती आला. सोंड वर करून, अंबारीसकट.

काकांनी चौकोनांवरून वर-खाली फिरून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, ही हिशेबाची वही आहे. या चौकोनांत आकडे लिहून बेरजा करतात. तुम्ही त्यात हत्ती बांधलात."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

काकू मागून वाकून बघत होत्या. "तुमच्या बेरजांपेक्षा बरा दिसतोय," त्या म्हणाल्या. "शेपटी बघा किती गोड आहे!"

"शेपटीचा प्रश्न नाही. तुम्ही हिशेबाच्या खोलीत गेलात कशाला? मी तुम्हाला इतरमधून उघडून दाखवलं होतं."

"नवरीचं ब्लाउज होतं काका," मी कसंबसं म्हटलं. "म्हणून कार्यालयात गेले."

मग काकू खुर्ची धरून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, बरोबरच आहे तिचं! नवरी कार्यालयात नाही तर काय कचेरीत नटून बसणार?"

काका हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं रागावले. पण ते काकूंकडे बघून हळूच म्हणाले, "तो शब्द माझा आहे."

तेव्हा मला कळलं की ही मराठी यादी कुणीतरी बसून लिहिलेली असते आणि त्यात काकाही होते. वर्षानुवर्षं ते इंग्रजी नावांना मराठी नावं देत आले होते, एक पैसा न घेता. ऑफिससाठी कचेरी लिहावं की कार्यालय, यावर त्यांचं दुसऱ्या एका गृहस्थाशी सहा महिने भांडण चाललं होतं आणि काका जिंकले होते.

"त्या माणसाची माफी मागा आता," काकू म्हणाल्या.

"तो माझ्याशी बोलत नाही."

"का बोलेल? तुम्ही त्याला मंगल कार्यालयात नेऊन बसवलंत."

आता मात्र मलाही हसू आवरेना. काकाही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी मला पंचिंगचा प्रोग्रॅम पुन्हा दाखवला. तो होता सगळ्यात खाली, इतरमध्ये.

"इतरमध्ये का?" मी विचारलं.

ते म्हणाले, प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर एक चिठ्ठी असते. मला कोणत्या खोलीत ठेवा, ते त्यात लिहिलेलं असतं. यादी ती चिठ्ठी वाचते आणि त्याला तिथे बसवते. ज्याच्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं नाही किंवा जे लिहिलंय त्या नावाची खोलीच नाही, त्याला इतरमध्ये टाकतात. भरतकामाची खोली कोणी बांधलेली नव्हती, कारण ते फार थोड्या लोकांना लागतं.

इतर हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे. रेशनच्या अर्जावर, पोरांच्या शाळेच्या फॉर्मवर, बँकेत, सगळीकडे आईचा व्यवसाय विचारतात. गृहिणी, नोकरी, शेती, इतर. समोरचा माणूस माझं काम ऐकून क्षणभर थांबतो आणि इतरवर खूण करतो. मी कधी काही म्हटलं नाही. त्यात रागवण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी हसून हसून माझी भीड थोडी सैल झाली होती.

"त्याला इतरमध्ये नका ठेवू काका," मी म्हटलं.

एवढ्या शिकलेल्या माणसाला मी 'नका' म्हणाले, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मग कुठे ठेवू? आपण सांगा. घाई नाही. सगळीच यादी कशी लावायची ते लिहून आणा."

हत्तीची सोय त्यांनी तिथल्या तिथे केली. चौकोनांच्या त्या पानाचं चित्र काढलं आणि पंचिंगच्या प्रोग्रॅममध्ये खाली अंथरलं, आपण कापडाखाली छापा ठेवतो तसं. मग मी त्यावरून एकेक चौकोन टाक्यात घेतला. आठ दुपारींची मेहनत वाया गेली नाही. या वेळी मी मान हलवली नाही. तीन वेळा "परत सांगा" म्हटलं. दुसऱ्या वेळेला आवाज फुटला होता.

घरी येऊन मी यादीला बसले. याच वहीच्या एका पानावर ती अजून आहे. माझ्या शिवणाच्या टेबलाला चार खण आहेत, त्यात जसं सामान आहे तसंच मी लिहिलं. पहिला खण, 'चित्र काढणे'. दुसरा, 'टाके भरणे'. तिसरा, 'मशीनला देणे'. चौथा, 'हिशेब व पत्रं'. आणि खाली एक पेटी, 'क्वचित लागणारं', कारण कधीतरी लागणाऱ्या वस्तूलाही नाव असावं. या सगळ्यांच्या वर मोठं नाव, 'भरतकाम'. भरतकामाच्या कॉम्प्युटरला आणखी खोल्या हव्यात कशाला?

काकांनी कागद वाचला आणि भुवया चढवल्या. "जगात मेन्यू जातीप्रमाणे लावतात. चित्रांचे प्रोग्रॅम एकीकडे, लिहायचे एकीकडे. तुम्ही कामाच्या क्रमाने लावलाय. चित्राच्या प्रोग्रॅमशेजारी हा फोटो उतरवायचा कसा काय आला? तो वेगळ्या जातीचा आहे."

"खडू आणि कात्रीसुद्धा एका जातीचे नाहीत काका," मी म्हटलं. "पण एकाच खणात असतात. खडू ठेवला की कात्रीच उचलायची असते."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "उत्तर द्या आता."

काका चिठ्ठ्या लिहायला बसले. प्रत्येक प्रोग्रॅमची चिठ्ठी उघडून त्यावर नव्या खोलीचं नाव घालायचं. खोल्यांची नावं त्यांनी मलाच टाइप करायला लावली. एका बोटाने एकेक अक्षर शोधत मी लिहिलं. 'हिशेब'मधल्या 'ह'ला मी दुसरी वेलांटी दिली होती. त्यांचा हात पुढे आला, मागे गेला, परत पुढे आला. "एवढी एक वेलांटी मला दुरुस्त करू द्या," ते म्हणाले, "नाहीतर मला झोप येणार नाही. बाकी सगळं तुमचं."

संध्याकाळी यादी उघडली तर इतर नावाची खोलीच नव्हती. तिच्यात ठेवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती आपोआप नाहीशी झाली, असं काका म्हणाले. मी ती यादी उगाच पाच-सहा वेळा उघडली आणि मिटली.

हत्तीचं ब्लाउज लग्नाच्या चार दिवस आधी दिलं. दोन्ही बाह्यांवर एकेक हत्ती, समोरासमोर. मुलीच्या आईने बाहीवरून हात फिरवला आणि पिशवी भरणाऱ्या सासूबाईंची आठवण काढली. लग्नाहून परत आलेल्या बायका माझा नंबर शोधत आल्या. कुणाच्या घरातला जुना रुमाल, कुणाच्या आईची कुंची, कुणाची दोसुतीची चादर, त्यावरची नक्षी ब्लाउजवर हवी. बाजारात ही तयार मिळत नाही. मी फोटो घ्यायचे, चौकोन भरायचे, खाली अंथरायचे, टाके भरायचे. हिशेबाच्या वहीत आता आकडे कमी आणि पोपट जास्त आहेत. काकांना हे माहीत आहे. ते म्हणतात, मला सांगू नका.

मशीन सकाळी आठला सुरू होतं ते दिवे लागेपर्यंत चालतं. पाच तारखेला जाऊबाईंचा फोन आला की मी मोबाइल मशीनजवळ धरते.

"काय गं तो खडखडाट?"

"मशीन आहे ताई."

"बंद कर जरा, बोलू दे. नोकरी सोडली वाटतं त्याने सरकारी."

काकांनी आणखी एक गोष्ट केली. माझी यादी आणि कार्यालयाची गोष्ट इंग्रजीत लिहून हे लिनक्स बनवणाऱ्या लोकांना पाठवली. बरेच महिने काही झालं नाही. एका सकाळी कॉम्प्युटर नवं काही उतरवून घेत होता, तसा तो अधूनमधून घेतो. मग मी यादी उघडली. माझं भरतकाम होतं तिथेच होतं. पण खाली, काकांनी तशाच राहू दिलेल्या जुन्या खोल्यांत, जिथे मी कधी जात नाही, एक नाव बदललं होतं. आधी होतं कार्यालय. आता होतं 'कचेरी व हिशेब'. पहिली वेलांटी.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "मंजूर झालं," ते म्हणाले. "शब्दही आणि तुमची खोलीही. ज्याला हवं त्याला भरतकामाची यादी आता तयार मिळेल. पंचिंगचा प्रोग्रॅम घेतला की तो तिथेच जाऊन बसणार." मग म्हणाले, "त्या गृहस्थांनाही मी पत्र घातलंय. कचेरीवाल्यांना. उत्तर आलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हत्तीचा फोटो पाठव."

मी फोनमध्येच मान हलवत राहिले. कोल्हापूरला, नागपूरला, कुठेही, माझ्यासारखी एखादी बाई तो कॉम्प्युटर लावेल आणि तिला आपलं काम वरच्या खणात सापडेल. तिला कोणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार नाही. हे कोणी केलं हे तिला कळणार नाही, ते तर मला फारच बरं वाटतं.

काल पाच तारीख होती. फोन यायच्या आधीच मी कात्रजला गेले. शेवटचे चार हजार राहिले होते. जाऊबाईंना मोबाइलवर पाठवलेले पैसे चालत नाहीत, दिसत नाहीत म्हणतात. त्यांनी बोटाला पाणी लावून नोटा दोनदा मोजल्या. बोधगयेला जायच्या बॅगा दारातच भरून ठेवल्या होत्या. निघायला अजून सतरा दिवस आहेत.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या आणि कपाटातून आपली छोटी डायरी काढली. त्यात दर महिन्याची रक्कम त्यांच्या अक्षरात होती, पहिल्या पाचशेपासून. "माझा चष्मा बॅगेत गेलाय. खाली तू लिही. पूर्ण मिळाले. आणि तारीख."

मी नको नको म्हटलं, अक्षर चांगलं नाही म्हटलं. त्यांनी पेन हातात कोंबलं. मी लिहिलं. त्यांनी डायरी लांब धरली, डोळे बारीक करून वाचली.

"पुण मिळाले," त्यांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं. "अगं, मी तुला पैसे मागितले होते. पुणं नव्हतं मागितलं."

चष्मा न लावताही त्यांना सगळं दिसतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मी पहिला उकार खोडून दुसरा केला, ण वर रफार दिला आणि पैसे पूर्ण फिटले.